टर्बोचा पाईप फाटलाय का? टर्बो बदलण्याआधी हे तपासा

गाडी सपाटीला बरी चालते, चढ लागला की दम सोडते. तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबला तरी पूर्वीसारखा धक्का लागत नाही. रेस दिली की बॉनेटखालून शिट्टी वाजते किंवा हवा सुटल्यासारखा फुस्स आवाज येतो. मागे काळा धूर. कधी चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी पुढे जायलाच तयार नसते. बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ ठीक. ॲव्हरेज पडलेलं. फिल्टरपासून टर्बोकडे (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) जाणाऱ्या पाईपवर ओलसर तेल आणि त्याला चिकटलेली धूळ.

यातलं एखादं लक्षण दिसलं की बरेच जण एकदम निष्कर्ष काढतात, "टर्बो गेला." माझा अनुभव उलटा आहे. आमचं गॅरेज पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकी उतरल्यावर लागतं. घाट चढताना दम गेलेल्या गाड्या थेट आमच्या दारात येतात, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा टर्बो ठणठणीत असतो. फाटलेला असतो रबराचा पाईप, नाहीतर सैल असते क्लिप. पाईप काही शेकड्यांत ते काही हजारांत येतो. टर्बोचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो. म्हणून तपासणी पाईपपासून सुरू करायची, टर्बोपासून नाही.

पुढचं सगळं मुख्यतः कॉमन रेल (एका सामाईक नळीतून, कंप्युटरच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या) डिझेल गाड्यांबद्दल आहे. टर्बो पेट्रोलमध्ये काय वेगळं होतं ते मध्ये एकदा सांगतो.

आधी बाजू ओळखा

टर्बोला दोन बाजूंचे हवेचे पाईप असतात आणि दोघांचं दुखणं सारखं नसतं. हे लक्षात न घेता तपासायला बसलात तर दिवस फुकट जातो.

पहिली ओढीची बाजू. एअर फिल्टरचा डबा, त्याला लागून आत जाणारी हवा मोजणारा एअर-फ्लो सेन्सर, तिथून रबरी किंवा प्लॅस्टिकचा पाईप टर्बोच्या तोंडाला. हाच इनलेट पाईप. टर्बो इथून हवा ओढतो, त्यामुळे या पाईपात बाहेरपेक्षा दाब कमी असतो. इथे चीर पडली तर हवा बाहेर येत नाही, बाहेरची आत जाते. फाटक्या स्ट्रॉने उसाचा रस ओढल्यावर तोंडात नुसती हवा येते, तसं.

दुसरी दाबाची बाजू. टर्बोतून इंटरकूलर (तापलेली हवा गार करणारी जाळी), इंटरकूलरमधून इंजिन. इथे पूर्ण रेसवर साधारण एक बार, काही गाड्यांत त्याहून जास्त दाब असतो. हा पाईप फाटला की हवा जोरात बाहेर सुटते आणि गाडी आरडाओरडा करते: फुस्स आवाज, काळा धूर, पिकअप गायब.

काळा धूर का, ते समजून घेतलं की निम्मं निदान तिथेच होतं. एअर-फ्लो सेन्सर फिल्टरजवळ आहे. हवा त्याच्यासमोरून मोजून गेली, पण इंजिनात पोहोचायच्या आधी फटीतून सुटली. कंप्युटरच्या हिशेबात ती हवा आत गेलेली आहे, म्हणून तो तेवढं डिझेल सोडतो. हवा कमी, डिझेल पूर्ण, म्हणून काळा धूर.

ओढीच्या बाजूचा पाईप सेन्सरनंतर फाटला तर उलटं होतं. चिरेतून आलेली हवा मोजलीच जात नाही. कंप्युटरला वाटतं हवा कमी आहे, तो धूर होऊ नये म्हणून डिझेल आवरतं घेतो. गाडी जरा जड चालते, धूर फारसा नाही, आवाज जेमतेम. मालक म्हणतो, "जुनी झाली आता, चालायचंच." आणि इथेच घात होतो. त्या चिरेतून येणारी हवा फिल्टरमधून आलेली नसते. उसाच्या गाड्यांची धूळ, डांबरी रस्त्याच्या कामाची बारीक कच, सगळं थेट टर्बोच्या पंख्यावर आदळतं, आणि तो पंखा मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्यांच्या वेगाने फिरत असतो. तिथून पुढे तीच धूळ सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासते.

म्हणजे जास्त ओरडणारा बिघाड कमी धोक्याचा आणि गप्प बसणारा जास्त धोक्याचा. दाबाच्या बाजूची गळतीही वाऱ्यावर सोडायची नाही: दाब पुरा होत नाही म्हणून कंप्युटर टर्बोला आणखी जोरात फिरवतो. बीएस-६ गाड्यांत काळ्या धुराची काजळी डीपीएफमध्ये (सायलेन्सरकडच्या काजळीच्या फिल्टरमध्ये) साठते ते वेगळंच. पण ओढीची चीर मी गाडी दारात असताना सोडत नाही.

टर्बो पेट्रोलबद्दल एवढंच: ज्यात एअर-फ्लो सेन्सर आहे तिथे ओढीच्या बाजूची चीर आयडलिंग डळमळीत करते, कारण न मोजलेली हवा आत जाऊन मिश्रण पातळ होतं. ज्या गाडीत फक्त मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीचा) दाब मोजणारा सेन्सर आहे तिथे हे लक्षण दिसेलच असं नाही. धुळीचं नुकसान मात्र दोन्हीकडे सारखंच.

पाईपला दोष देण्याआधी दोन गोष्टी

आरपीएमचा काटा वर जातोय पण गाडीचा वेग वाढत नाही, म्हणजे इंजिन मोकळं पळतंय, तर क्लच घसरतोय. पाईपचा संबंध नाही.

दम नाही आणि धूरही अजिबात नाही, वरून जोर दिल्यावर गाडी अडखळते, तर आधी डिझेल फिल्टर कधी बदलला ते आठवा. ओढीच्या चिरेतही धूर कमी असतो म्हणालो खरं, पण तिथे गाडी अडखळत नाही, नुसती मंद होते.

तपासणी, सोप्यापासून अवघडाकडे

गाडी किमान तासभर बंद असू द्या. टर्बो आणि एक्झॉस्ट एवढे तापतात की नुसता हात टेकला तरी सालटं निघतं. ओढणी, मफलर, सैल बाही लांब ठेवा; रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. गाडी वॉरंटीत असेल तर बघण्यापलीकडे काही करू नका, थेट सर्व्हिस सेंटर.

१. फिल्टर आणि त्याचा डबा. खर्च शून्य. डब्याच्या सगळ्या क्लिपा नीट बसल्यात का, झाकण तिरकं तर नाही, फिल्टरची रबरी कड दुमडलेली तर नाही. घाईत बदललेला फिल्टर तिरका बसलेला असणं हे रोजचं आहे. फिल्टर काढून उजेडासमोर धरा. मातीने बुजलेला असेल तर टर्बोला हवा ओढायला जास्त जोर लावावा लागतो, त्या ओढीने मऊ झालेला पाईप आत दबतो आणि टर्बोच्या सीलमधून तेलही खेचलं जातं. नव्या पाईपपुढे जुना बुजका फिल्टर ठेवला तर ते दुखणं परत येणार. डब्याच्या स्वच्छ बाजूला, म्हणजे फिल्टरच्या पुढे टर्बोकडच्या भागात, बोट फिरवा. बोटाला माती लागली तर धूळ फिल्टर चुकवून आत जातेय.

२. क्लिपा. प्रत्येक जोडाला धरून पाईप हलक्या हाताने पिळून आणि ओढून बघा. फिरला किंवा सरकला तर क्लिप सैल आहे किंवा पाईप चुकीच्या जागी बसलाय. नव्याने काम झालेल्या गाडीत हे सगळ्यात आधी. क्लच, रेडिएटर, बॅटरी, कशाचंही काम असो, वाटेत येतो म्हणून हा पाईप काढला जातो आणि परत बसवताना शेवटचे दोन आटे राहतात. स्प्रिंगची क्लिप एकदा जास्त फाकवली की तिची पकड जाते. ती घट्ट करायची सोयच नसते, बदलायचीच.

३. डोळे आणि बोटं. पाईपची वरची बाजू सगळ्यांना दिसते, चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला असते. पाईपला ज्या घड्या असतात त्या घडीच्या खोबणीत ती लपते. पाईप सरळ असताना मिटलेली, वाकवला की उघडते. म्हणून टॉर्च घ्या, पाईप एका हाताने वाकवा आणि दुसऱ्या हाताचं बोट प्रत्येक खोबणीतून पूर्ण गोल फिरवा. जिथे तेलकट काळी धूळ पट्ट्यासारखी जमलीय तिथे आधी बघा. बॅटरीच्या ट्रेला, एखाद्या ब्रॅकेटला पाईप टेकतो का ते पाहा. टेकत असेल तर तिथे घासून गुळगुळीत झालेला डाग दिसतो. उंदराने कुरतडलेली जागा लगेच ओळखू येते, दातांच्या बारीक समांतर खुणा आणि शेजारी रबराचा चुरा. पावसाळ्यात आणि शेताशेजारी लावलेल्या गाड्यांत हे हमखास.

पाईप दाबून बघा. चांगला पाईप दाबला की परत उसळतो. तेल पिऊन फुगलेला पाईप मऊ, चिकट, लिबलिबीत लागतो. वाळलेला पाईप कडक आणि वाकवल्यावर बारीक भेगा दाखवणारा. दोन्ही बदलायचे, चीर दिसो न दिसो.

याच पाईपला इंजिनच्या ब्रीदरची (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी) छोटी नळी येऊन मिळते. तिचा सांधाही बघा. तो फाटला तरी तीच विनागाळलेली हवा आत जाते.

४. मदतनीस आणि रेस. आता इंजिन चालू. मदतनीस आत, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. तुम्ही बाजूला उभं राहून पाईपकडे बघा. हळूहळू रेस वाढवायला सांगा. ओढीचा पाईप आत पोट ओढल्यासारखा दबतोय का? उभ्या गाडीत भार नसल्याने पूर्ण ओढ तयार होत नाही, म्हणून इथे थोडा दबला तरी घाटात तो पार चपटा होणार असं समजा. ही तक्रार ओळखण्याची खूण म्हणजे गाडी खालच्या आरपीएमला छान ओढते आणि अडीच हजारांच्या आसपास अचानक कोणी मागून धरल्यासारखी अडते.

दाबाच्या बाजूचे सांधे तपासायला साबणाचं पाणी फवारा. गळतीला बुडबुडे येतात. ओढीच्या बाजूला साबणाचा उपयोग नाही, तिथे पाणी आत ओढलं जाईल, बुडबुडा येणारच नाही.

इथे एक गोष्ट करू नका. कार्ब क्लीनर, स्टार्टिंग स्प्रे, पेट्रोल, असलं काहीही चालू डिझेल इंजिनच्या पाईपजवळ मारू नका. जुन्या पेट्रोल गाड्यांची ती युक्ती आहे. डिझेल इंजिन हवेबरोबर मिळेल ते जाळतं आणि आवरत नाही. आणि पाईप काढलेला असताना इंजिन चालू करून टर्बोच्या तोंडाजवळ हात, फडकं, काहीही नेऊ नका.

५. स्कॅनर. मोबाईलला जोडायचा साधा ओबीडी रीडर बऱ्याच जणांकडे आता असतो, नसेल तर गॅरेजमध्ये थोड्या पैशांत होतं. पी ०२९९ हा कोड म्हणजे बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, कमी पडतोय. पी ०१०१ म्हणजे एअर-फ्लोचा हिशेब जुळत नाही. कोड कारण सांगत नाही, फक्त कुठे बघायचं ते सांगतो. पी ०२९९ दिसला म्हणून टर्बोची ऑर्डर देणारे आहेत, त्यांच्यापासून सावध.

लाइव्ह आकडे जास्त कामाचे. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) बघा. तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा: मुंबईत साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६-८७. यात बरीच तफावत असेल तर सेन्सरवर काजळी आहे किंवा तो खराब आहे, पाईप सोडा. मग चढावर तिसऱ्या गिअरला पूर्ण रेस देऊन मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी बघा. आकडे गाडी चालवणाऱ्याने नाही, शेजारच्याने बघायचे.

एअर-फ्लो जास्त आणि बूस्ट कमी, तर दाबाच्या बाजूला गळती. बूस्ट जवळपास बरोबर आणि एअर-फ्लो कमी, तर ओढीच्या बाजूला सेन्सरनंतर चीर, नाहीतर सेन्सरच मळलेला. दोन्ही कमी, तर वाट कुठेतरी बुजलीय किंवा टर्बो फिरतच नाहीये. तेव्हा टर्बोचा जोर कमी-जास्त करणाऱ्या ॲक्च्युएटरची व्हॅक्यूमची बारीक नळी आधी बघा. ती नळी निसटलेली असणं हाही या सगळ्यातला जुना पाहुणा.

६. पाईप काढून आतून. बाहेरून सगळं ठीक दिसूनही तक्रार जात नसेल तर हे करावंच लागतं. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. पाईपवर आणि तोंडावर जुळवायच्या रेषा किंवा बाण असतात, ते परत तसेच यायला हवेत. सुटलेली दोन्ही तोंडं लगेच स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने झाका. एखादा वॉशर टर्बोत पडला तर पुढचं सगळं वाचायची गरजच राहणार नाही.

पाईपच्या एका टोकातून टॉर्च मारा, दुसऱ्या टोकातून अंधारात बघा. उजेडाची बारीक रेघ दिसली की सापडलं. आतल्या थराकडेही बघा. काही पाईपांचा आतला पापुद्रा सुटतो आणि पडद्यासारखा लोंबतो. बाहेरून पाईप नवा कोरा, आत वाट अर्धी बंद. गेल्या पावसाळ्यात एक गाडी आली होती, दुसरीकडे टर्बो बदलून झालेला, तक्रार तशीच. मालकांच्या हातात काढलेला पाईप दिला आणि म्हटलं, "काका, आत बोट घाला." त्यांनी बोट घातलं आणि पापुद्रा बाहेर ओढला, चांगला वीतभर लांब. ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग टर्बोच्या बिलाचं बोलले.

तेलाचं काय? पाईपच्या आत तेलाचा पातळ थर असणं सामान्य आहे, ते ब्रीदरमधून येतं. पाईप उलटा केल्यावर तेल ओघळलं, थेंब पडले, तर सामान्य नाही. इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. तिथून जोरात भकाभका वाफ येत असेल तर इंजिनचा ब्लो-बाय (रिंगांच्या बाजूने खाली निसटणारा वायू) वाढलाय; मूळ दुखणं रिंगांकडे आहे, पाईप बिचारा मधल्या मधे मरतोय.

७. टर्बोच्या तोंडात डोकावणं. पाईप निघालाच आहे तर हे फुकट आहे. इंजिन बंद, टर्बो गार. टॉर्च मारून पंख्याच्या पात्यांच्या कडा बघा. नव्या पात्याची कड धारदार आणि सरळ असते. धूळ खाल्लेल्या पात्याची कड गोलसर, खडबडीत, वाळूने घासल्यासारखी होते. वाकलेलं किंवा टवका उडालेलं पातं म्हणजे काहीतरी घन आत गेलं. मग मधला नट दोन बोटांत धरून हलवा. बाजूला जरासं हलणं चालतं, तिथे तेलाच्या थरासाठी जागा ठेवलेलीच असते. आत-बाहेर हलणं जवळपास जाणवायला नको. आणि पातं भिंतीला घासत असेल तर टर्बोचा प्रश्न टर्बोवाल्याकडे.

८. हवा भरून किंवा धुराने तपासणी. बाहेरून आतून बघूनही सापडलं नाही तर. आमच्याकडे धुराचं मशीन आहे, जिथून धूर निघाला तिथे चीर, पाच मिनिटांचं काम. घरी करणारे पाईपच्या तोंडाला पीव्हीसीचं झाकण आणि ट्यूबचा वॉल्व बसवून हवा भरतात. करायचंच असेल तर इंजिन बंद, झाकण सेन्सरच्या पुढे थेट पाईपला, फिल्टरच्या डब्यातून नाही कारण तो प्लॅस्टिकचा डबा दाब सोसत नाही. ब्रीदरची नळी काढून पाईपवरचं तिचं तोंड बंद करा, नाहीतर दाब इंजिनच्या पोटात जाऊन ऑइल सील बाहेर येतील. पायपंप पुरे, पाच-सात पीएसआयच्या वर नाही. कंप्रेसरची होज सरळ जोडू नका आणि झाकणासमोर तोंड नेऊ नका. एक्झॉस्टमधून थोडी हवा जाणारच, एखादा वॉल्व उघडा असतो. तो आवाज गळती समजू नका.

घरापर्यंत पोहोचायचं असेल तर

दाबाच्या बाजूची चीर टोकाजवळ असेल आणि पाईपला लांबी असेल तर टोक कापून परत क्लिप लावता येते. मधल्या चिरेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली आणि दोन क्लिपा मारल्या तर हळू चालवत गाव गाठता येतं. साधी इन्सुलेशन टेप पहिल्या रेसला उडते.

ओढीच्या बाजूला जुगाड करताना एकच नियम: आत जाऊ शकेल असं काही वापरायचं नाही. एम-सील, फेव्हिक्विक, सिलिकॉनची पेस्ट वाळून तुकडा सुटला की तो सरळ पंख्यात. बाहेरून स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, दोन हजार आरपीएमच्या खाली ठेवा, घाट टाळा. पाईप खालच्या अंगाला फाटलेला असेल आणि रस्त्यावर पाणी तुंबलेलं असेल तर गाडी पाण्यात घालूच नका. तिथून पाणी ओढलं गेलं की सिलिंडरमध्ये पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलीच तर सेल्फ मारू नका.

पुन्हा पुन्हा तोच पाईप का फाटतो

खरं काम इथे आहे. एकदा फाटला तर वय झालं म्हणता येईल. वर्षभरात दुसऱ्यांदा फाटला तर पाईप दोषी नाही.

पहिला संशय इंजिन माउंटिंगवर, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांच्यावर. फिल्टरचा डबा बॉडीला बांधलेला, टर्बो इंजिनला. माउंटिंगचं रबर बसलं की रेस देताना इंजिन डोलतं आणि दर वेळी पाईप ताणला जातो, तो घडीच्या खोबणीतच फाटतो. बॉनेट उघडं ठेवून मदतनीसाला एकदम रेस द्यायला सांगा आणि इंजिन किती उड्या मारतं ते बघा. चालू करताना, बंद करताना गाडी हबकत असेल तर पाईपच्या पैशात माउंटिंगचेही पैसे धरा. बऱ्याच गाड्यांना पाईप आधाराने धरून ठेवणारं छोटं ब्रॅकेट असतं, ते कुठल्यातरी कामात हरवलेलं असतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तेही शोधा.

दुसरा संशय तेलावर. साधं रबर तेलाने फुगतं. ब्रीदरमधून जास्त तेल येत असेल तर नवा पाईपही त्याच वाटेने जाणार.

तिसरा, स्वस्त लोकल पाईप. इनलेट पाईप ओढ सोसण्यासाठी बनवलेला असतो, त्यात आधाराच्या कड्या किंवा जाड भिंत असते. बाजारात मिळणारा रंगीत सिलिकॉन पाईप दिसायला दणकट, पण आत तार नसेल तर ओढीने चपटा होतो. शिवाय साध्या सिलिकॉनमधून तेल पाझरतं. तेलाच्या जागी आतून फ्लोरोचा थर असलेलाच लागतो. माझं मत सरळ आहे, ओढीच्या बाजूला कंपनीच्या पार्ट नंबरचाच पाईप. दाबाच्या बाजूला चांगल्या थरांचा सिलिकॉन चालतो, पण त्याला बोल्टची रुंद क्लिप. खाचांची साधी क्लिप मऊ सिलिकॉन कापते.

बसवताना दोन्ही तोंडांवरचं तेल पुसून कोरडं करा. ग्रीस लावू नका, त्यावरून पाईप दाबाखाली घसरून निघतो; अगदीच जात नसेल तर साबणाच्या पाण्याचं बोट. क्लिप कडेच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही. आवळताना जोर दाखवू नका, प्लॅस्टिकचं तोंड लंबगोल होतं आणि मग कितीही आवळा, गळणारच. तोंडं झाकलेली फडकी मोजून बाहेर काढा. एअर-फ्लो सेन्सर त्याच्याच स्प्रेने धुवा, बोट किंवा कापूस लावू नका. कोड पुसा, घाटात नेऊन बघा, आठवड्याने क्लिपा पुन्हा तपासा.

इथे हात थांबवा

पात्यांच्या कडा खाल्लेल्या, शाफ्ट आत-बाहेर हलतोय किंवा पातं घासतंय. रेस दिल्यावर सायरनसारखा चढत जाणारा आवाज. निळा धूर. इंटरकूलरच्या पाईपातून तेल ओततंय. यातलं काहीही असेल तर गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या.

निळ्या धुराचं गांभीर्य यासाठी की डिझेल इंजिन टर्बोतून आलेलं स्वतःचंच तेल जाळून पळत सुटू शकतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण डिझेल बंद झालं तरी तेल मिळतच असतं. असं झालं आणि गाडी मॅन्युअल असेल तर ब्रेक घट्ट दाबून सर्वात वरच्या गिअरला क्लच सोडा, इंजिन दाबून बंद पाडा. ते जमलं नाही तर माणसं घेऊन लांब व्हा. त्या इंजिनाजवळ वाकून काही वाचवायला जाऊ नका.

पाईप, क्लिपा, फिल्टर, नळ्या सगळं बघून झालं आणि बूस्ट तरीही कमी असेल, तर पुढे ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा), ॲक्च्युएटर, टर्बोच्या आतल्या पात्यांची यंत्रणा येते. तिथे योग्य स्कॅनर आणि सवय लागते, अंदाजाने पार्ट बदलत बसू नका. गॅरेजमध्ये गाडी देताना काय काय तपासलं ते कागदावर लिहून द्या आणि जुना पाईप डिकीत ठेवा. टर्बो बदलायला सांगितला तर काढलेल्या टर्बोचा पंखा दाखवायला सांगा, आणि तो खराब दिसला तर पुढचा प्रश्न विचारा: धूळ कुठून आली? नवा टर्बो बसवण्याआधी इंटरकूलर खोलून त्यातलं तेल आणि चुरा धुतला का, तेही. तो न धुता बसवलेल्या टर्बोमागे उरलेलं तेल पहिल्याच जोराच्या रेसला इंजिनात जातं.